डावी तार

"डावं भोक शिवून टाक," तो पाठमोरा बसूनच म्हणाला.

मावशीची सुई अर्ध्यावर थांबली. सगळं युनिट तिला मावशी म्हणायचं. आई म्हणणारा हा एकटाच, पुढ्यातल्या स्टुलावर बसलेला. सिनेमातला वीर इमारतींवरून ज्या उड्या मारायचा, त्या हा मारायचा. चेहरा त्याचा, हाडं ह्याची. पोशाखाला मागून चेन लावली तर ती उन्हात चमकते, म्हणून पोशाख अंगावर चढला की पाठ हातानं शिवायची आणि काम संपलं की उसवायची. पोटच्या पोराला रोज पोत्यासारखं शिवून द्यायचं, अशी ही नोकरी.

मानेपासून शिवत ती कमरेशी आली होती. तिथं दोन भोकं ठेवलेली. उजव्यातून एक तार आतल्या पट्ट्याला, डाव्यातून दुसरी.

"का? डावी तार सुट्टीवर गेली?"

"आज एकाच तारेवर घेतोय."

"कोण म्हणालं?"

"मीच. फाईट मास्टर हो म्हणालेत."

"ते म्हणणारच. उडी कुठं त्यांना मारायचीय?"

गच्चीच्या कठड्यामागं सूर्य टेकायला आला होता. दिग्दर्शकाला उडीच्या मागं तोच हवा होता. पडणाऱ्याला झेलायला खाली अंथरलेली रिकामी खोकी इथून काडेपेट्यांएवढी दिसत होती.

"दोन तारा लावल्या की माणूस उडी मारत नाही आई, नुसता उतरतो. पहिल्या भागाला लोक हसले. तू होतीस ना थेटरात?"

होती. पुढच्या रांगेतला एकजण फारच खिदळत होता आणि तिचा सगळा वेळ त्याच्या मानेकडे बघण्यात गेला होता, सुई नेमकी कुठं टोचावी म्हणून. पण त्याच भागात, लोकांना कधीच न दाखवलेल्या एका उडीत, उजवी तार निसटली होती. डावीनं ह्याला धरलं. तो वळ अजून त्याच्या कमरेवर होता. आत्ता ती त्याच्यावरच टाके घालत होती.

"आणि ह्या भागात वीर सुधारलेला नाहीये," तो म्हणाला. "बिघडलाय. कुणाचं ऐकत नाही. पट्टा तोडलेल्या कुत्र्यासारखी उडी घेतो."

"तो बिघडलेला खाली गाडीत पाय वर करून बसलाय. डोळ्यात धूळ गेली तर डॉक्टर लागतो त्याला."

"म्हणून तर. उडी तरी खरी दिसू दे. त्या सिनेमात तेवढीच माझी आहे."

  मावशीला राग आला होता, पण नाक वर करून हेच आपणही म्हटलं असतं, हे कळत होतं. हा हट्ट काही शेजाऱ्यांकडून आला नव्हता.

तारवाला आला. उजव्या भोकातून आतल्या पट्ट्याला हूक अडकवून त्यानं दोनदा हिसडून पाहिला. डाव्या तारेचं वेटोळं पायानं कठड्याकडे सरकवलं. मावशीकडे त्यानं पाहिलं नाही.

"मावशी, ऊन चाललंय," सहायक ओरडला.

"जाऊ दे. मी बांधून ठेवलेलं नाही त्याला."

तिनं दोरा बदलला. पट्टे शिवायचा जाड दोरा घेतला, दुहेरी केला. गार वारं सुटलं होतं. तिनं डावा हात त्याच्या कमरेवर आडवा ठेवला आणि उजव्यानं भराभर टाके घालायला लागली. तिच्या हाताची ऊब लागली तसा तो जरा मागं रेलला.

"हलू नकोस. सुई तुला ओळखत नाही."

"झालं?"

तिनं दातानं दोरा तोडला. "झालं."

"डावं बंद?"

"एकदम."

तो उठला. त्याच्याबरोबर मावशीही उठली. स्टूल कलंडलं. तो वळला तशी तीही त्याच्या मागं वळली. युनिटमधलं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मावशीच्या स्वेटरची डावी बाही, कोपरापासून मनगटापर्यंत, त्याच्या कमरेला शिवलेली होती.

"आई, उसव."

तिनं सुई स्वेटरला टोचून ठेवली.

"मग स्वेटर काढ."

"थंडी वाजते मला."

सहायक कात्री घेऊन धावला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून दिग्दर्शकाचा आवाज आला, पोशाख कापायचा नाही, दुसरा तयार नाही. कात्री हवेतच राहिली. सूर्य कठड्याला टेकला.

"सगळ्यांसमोर लाज काढतेस माझी," तो दात आवळून म्हणाला.

"काढते. लाज फाटली तर मी शिवून देईन."

आणि तीच कठड्याकडे चालू लागली. त्याला यावंच लागलं. तिनं खाली पाहिलं. उजव्या हातानं कठडा धरला. 

"चल. मार उडी."

"आई, वेडी झालीस का?"

ती तारवाल्याकडे वळून म्हणाली, "अहो दादा, आता आम्ही दोघं आहोत. दोघांना दोन तारा लागतील."

तारवाल्यानं पोराकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अर्धा सूर्य गेला होता. तो खालच्या खोक्यांकडे बघत उभा राहिला. आईचा हात त्या जुन्या वळावर घट्ट आवळत चाललाय, हे फक्त त्यालाच कळत होतं.

मग त्यानं आपला डावा हात अंगापासून दूर धरला, डाव्या तारेचा हूक लावताना धरतात तसा.

मावशीनं सुईच्या टोकानं बाहीचा पहिला टाका उसवायला उचलला.