नवरदेवाच्या पाटाचं माप

गोवर्धनचं लग्न त्या संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं. पण त्याचा फोटो नाही, आणि फोटो नसलेली कुठलीच गोष्ट गोवर्धन मानत नसे. तेव्हा आपणही ती बाजूला ठेवू.

तर गोवर्धन त्या मांडवात फोटो काढायला आला होता. लग्न वच्छलाचं होतं. तिचे वडील शेषराव अमरावतीच्या बाजारातले फुलांचे मोठे व्यापारी. याच वच्छलाला गोवर्धनने मागच्या वर्षी मागणी घातली होती. "फोटूवाल्याले पोरगी देऊन काय करू? भितीवर टांगू?" शेषराव म्हणाले होते. मग त्यांनी अकोल्याचा सहदेव पाहिला, ज्याच्या वडिलांना कचेरीची पेन्शन होती. फोटोचं काम मात्र गोवर्धनलाच दिलं. घरचा माणूस म्हणून.

नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला होता. दर्शन आटोपलं होतं, पण घोडा हलत नव्हता. इकडे दिवस उतरत होता आणि गोवर्धनचा पाय एका जागी ठरत नव्हता. तो कॅमेरा तिकाटण्यासकट पुढे ओढी, मागे नेई, पुसलेलं भिंग पुन्हा पुशी. लढाईच्या दिवसांत मुंबईहून त्याला कसाबसा फ्लॅशचा एक बल्ब मिळाला होता. त्याची दांडी कॅमेऱ्यापासून सुटी होती. आत सेल, वर चकचकीत पत्र्याची वाटी. बटण दाबलं की वीज कोसळल्यासारखा उजेड, आणि तेवढ्यात बल्ब खलास. चुकलं तर दुसरा नाही.

म्हणून, फोटोआधी अक्षता पडू नयेत यासाठी त्याने वाजंत्र्यांनाही तयार केलं होतं. ते बसत मांडवाबाहेर. भटजींचं 'सावधान' त्यांना जन्मात ऐकू आलं नव्हतं. कोणीतरी उपरणं हलवी, की ते वाजवायला लागत आणि वाजंत्री ऐकून बाकीचे अक्षता टाकत.

"यंदा उपरणं नाही," गोवर्धनने बजावलं. "उजेड पडला का वाजवा."

उपरणं हलवणारा गडी तेव्हापासून रुसून जेवायला बसला होता.

नवरदेव येईपर्यंत अंतराचं माप घेऊन ठेवावं, अंधारात भिंगातून काही दिसणार नाही, असं गोवर्धनने ठरवलं. वच्छलाला माळ घेऊन पाटावर उभं केलं. दोघांनी अंतरपाट धरला. पलीकडच्या रिकाम्या पाटावर मापाची फीत घेऊन गोवर्धन स्वतःच उभा राहिला. दांडी त्याने वच्छलाच्या मागे उभे असलेले तिचे मामा पुंजाराम यांच्या हाती दिली. बल्ब काढून ठेवायचा राहिला.

अंतरपाटाच्या पलीकडे तिची बांगडी वाजली. गोवर्धनच्या हातातली फीत उगाचच उलगडत गेली.

"मामा," पलीकडून आवाज आला, "उजेड पडला का वाजंत्री वाजते म्हंतेत, खरं काय?"

"हो म्हंते बुवा हा. काहून?"

"काई नाई. द्या इकडं, तुमचा हात दुखत असन."

आणि लख्ख झालं.

वाजंत्री सुरू झाली. ती ऐकून अंतरपाटवाल्यांनी हात सोडले. भटजी खाली मान घालून सुपारी कातरत होते, ते सवयीने "सावधान" म्हणून मोकळे झाले. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, त्यांनी अक्षता टाकल्या. पुढच्यांना सगळं दिसत होतं, पण मागच्यांनी टाकल्यावर आपण त्या हातात ठेवून करायचं काय? त्यांनीही टाकल्या.

वच्छलाने समोर पाहिलं. नीट पाहिलं. मग गोवर्धनच्या गळ्यात माळ घातली.

"घाल ना बे तू पण!" मागून कोणीतरी ओरडलं.

गोवर्धनच्या हातात फीत होती. त्याने ती घातली.

कॅमेरा समोरच उभा होता, भिंगावर टोपण लावून.

वाजंत्री थांबली तेव्हा दुसरी वाजंत्री ऐकू आली. घोडा हलला होता.

"भटजी," शेषराव पांढरे पडून म्हणाले, "हे लागलं का?"

"अक्षता पडल्या, माळ पडली, मी सावधान म्हटलं. मले लावता येते शेषराव, काढता येत नाही."

"आन् हे फीत?"

भटजींनी फीत बोटांनी चाचपली. "फीत चालते."

शेषराव मामांवर धावले. "पुंजाराम, दाबलं काहून?"

"माह्या हाती कुठी होतं?" मामांनी दोन्ही रिकामे हात वर केले. दांडी वच्छलाच्या डाव्या हातात होती. वाटीतला बल्ब करपला होता.

गोवर्धन पुढे आला. त्याचा चेहरा बल्बासारखाच झाला होता. "काका, चूक माही आहे. बल्ब काढाचा राह्यला. हे माळ मी काढून ठेवतो."

शेषरावांनी आवाज मऊ केला. "पोरी, चुकून दाबल्या गेलं ना?"

 एका 'हो'ने सगळं जागच्या जागी बसणार होतं. माळ निघाली असती, फीत निघाली असती, सहदेव पाटावर चढला असता.

"नाही बाबा," वच्छला म्हणाली. "समजून उमजून दाबलं."

माळ काढायला उचललेला गोवर्धनचा हात तिथेच, माळेवर राहिला.

मांडवाच्या तोंडाशी नवरदेवाचे वडील महादेवराव येऊन उभे होते. त्यांचा सारा जन्म तहसील कचेरीत गेला होता, आणि रागात त्यांना दुसरी भाषा सुचत नसे. त्यांनी फेटा सारखा केला, भटजींना नजरेने उभं केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं:

"आम्ही अर्जदार, राहणार अकोला, घोड्याचे अडवणुकीमुळे वेळेत हजर राहू शकलो नाही. सबब, पडलेला उजेड मागे घेण्यात यावा, अक्षता ज्याच्या त्यास परत करण्यात याव्यात, आणि वधूस पूर्ववत कुमारी करून आजच्या आज आमचे हवाली करण्यात यावे, ही नम्र विनंती."