हाफ क्लच

दोन लाख अडतीस हजार चारशे सहा किलोमीटर.

जळका वास. चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकायचं नाव घेत नाही.

पाच किलोचं पितळी वजन. मखमलीच्या पेटीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेलं.

घरी, दाराजवळच्या खुंटीला गाडीची दुसरी किल्ली. तीन वर्षांत जागची हललेली नाही.

"तू पेडलवर पाय ठेवतेस," तो बायकोला म्हणायचा.

"नाही ठेवत."

"मग काय, मी ठेवतो?"

मिस्त्रीने गाडीतून काढलेली क्लचप्लेट त्याच्या हातात दिली. ताटलीएवढी, अजून कोमट.

"बघा काका. अस्तर पार संपलंय, रिव्हेट उघडे पडलेत. इथे पत्रा निळा झालाय, दिसतोय का? तीन वर्षांत हे हाल."

"मालच खराब निघाला असेल," तो म्हणाला.

म्हणाला आणि स्वतःच चपापला. दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडायचं, ही त्याची नोकरी. 'काट्यातच खोट आहे साहेब, मी कशाला हात लावतोय,' असं रोज कुणी ना कुणी गरीब चेहरा करून त्याला ऐकवायचं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि काट्याला सील ठोकायचा.

"मालाला नावं ठेवू नका," मिस्त्री म्हणाला. "हाच सेट घातलेली टॅक्सी अजून पळतेय. हे हाफ क्लचचं काम आहे. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवली, की आत प्लेट अर्धवट सुटलेली राहते आणि दिवसभर घासत बसते. मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलं होतंत ना, काकू पाय ठेवतात म्हणून?"

सांगितलं होतं. याच बाकावर बसून, ती शेजारी असताना. मिस्त्री हसला होता. तीही हसली होती. घरी गेल्यावर तिने आपली किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आता तुम्हीच चालवा. एकदा काय ते कळू दे."

पुढची पावणेदोन वर्षं ती शेजारच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत राहिली. पायांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मग ती गेली. त्यालाही आता चौदा महिने झाले.

मिस्त्रीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि ही प्लेट नवी कोरी बसवल्यापासून जळेपर्यंत एकाच माणसाच्या पायाखाली होती.

मिस्त्रीने नव्या क्लचसेटची दोन खोकी आणून बाकावर ठेवली.

"हा हलका. पेडल लोण्यासारखं. काकूंच्या पायाला सोपा जाईल. आणि हा दणकट. दीडपट टिकेल, पण पेडल जड. विनाकारण पाय ठेवलात तर संध्याकाळपर्यंत पोटरी भरून येईल, आपोआप सवय मोडेल. तुम्ही एकटेच चालवत असाल तर डोळे मिटून हा घ्या." त्याने कपड्याला हात पुसले. "चालवतं कोण, तेवढं सांगा. बाकी माझ्यावर सोडा."

एका शब्दाचं उत्तर: मी. तो शब्द जिभेवर आलासुद्धा. पण तो एकटा बाहेर पडला नसता. त्याच्यामागून, ती नाही, हे सांगावं लागलं असतं. आणि त्याच्याही मागून, ती होती तेव्हासुद्धा पाय तिचा नव्हता, हे.

त्याने प्लेट उलटी केली. सुलटी केली. बोटं काळी झाली.

"दोघं," तो म्हणाला.

"मग हलका?"

"हलका."

"पण काकूंना बजावून सांगा हं. पाय खाली म्हणजे खाली."

"सांगतो."

"सांगतो म्हणता, पण घरात आवाज फुटतो का तुमचा?" मिस्त्री खो खो हसला. "माझा तर फुटत नाही. ती बोलायला लागली की मी गिअरबॉक्सची आठवण काढत बसतो."

त्यालाही हसावं लागलं.

चार वाजता गाडी लिफ्टवरून खाली उतरली. चाचणी घ्यायला मिस्त्री शेजारी बसायला आला, तर त्याचे गुडघे पुढे आदळले.

"अहो, सीट केवढी पुढे घेऊन ठेवलीय ही!" म्हणत त्याने खालचा दांडा ओढला आणि सीट खटकन मागे ढकलली.

चौदा महिने ती सीट तशीच होती. त्याने किल्ली फिरवली.

पेडल खरोखरच मऊ होतं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चढावर गाडी कुरकुर न करता गेली. मिस्त्री मान तिरकी करून गिअरबॉक्सचा आवाज ऐकत होता. समाधानाने त्याने मान डोलावली. मग सरळ रस्ता लागला, तसा तो खाली बघू लागला.

"काका," तो हळूच म्हणाला. "पाय."

त्याने पाय उचलला. कुठे ठेवायचा ते चटकन सुचेना, म्हणून थोडा वेळ तसाच अधांतरी धरला. मिस्त्रीने तोंड खिडकीकडे वळवलं आणि गॅरेज येईपर्यंत बाहेरच बघत राहिला.

गाडी चालवण्याच्या परीक्षेत ती पहिल्याच खेपेला पास झाली होती. तो तिसऱ्या.