पाचवा नट

पाना पुन्हा घसरला आणि लिंबाजीच्या बोटाचं सालपट निघालं. त्यानं बोट तोंडात धरलं, थुंकला आणि पाना पुन्हा लावला.

"मामा, राहू द्या आता," बाजेवर चहा पीत बसलेला सूर्यभान म्हणाला. "बंद उठला की सेलूहून मिस्त्री आणू."

सूर्यभान म्हणजे लिंबाजीच्या लेकीचा, कोकिळाचा दीर. वहिनीला न्यायला तो काल पिकअप घेऊन आला होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी. फिरकत नव्हती. सकाळी निघायचं म्हणून बघतात तर मागचं चाक बसलेलं. स्टेपनी होती, जॅक होता, पण नट निघत नव्हते. सूर्यभानानं ते मोठ्या हौसेनं बसवले होते, वरून चकचकीत पत्र्याची टोपी असलेले. दोन पावसाळ्यांत टोपीखाली पाणी शिरलं, आत गंज धरला आणि टोप्या अशा फुगल्या की चाकाचा पाना त्यांच्यावर बसेना. जोर लावला की नुसती टोपी फिरायची, आतला नट जागचा हलायचा नाही.

बडा घर पोकळ वासा! लिंबाजीला ही म्हण नटांसाठी आठवली. लेक ज्या घरात दिली त्या घरासाठी ती आठवायची त्याची छाती नव्हती.

जावयानं, नागनाथानं, निरोप धाडला होता. आज आली तर आली, नाहीतर दुसरी करतो. कोकिळा तीन महिने माहेरी होती. येताना दंडावर भाजल्याचा चट्टा घेऊन आली होती. "चुलीवर पडले," म्हणाली. लिंबाजीनं ते मानलं, कारण न मानलं तर पुढं काहीतरी करावं लागलं असतं. इकडं गाव विचारून विचारून भंडावत होतं, लेक कधी जायची? आज दिवस मावळायच्या आत तिनं सासरचा उंबरा ओलांडला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"न्हाई पाव्हणं," तो म्हणाला. "आजच जाईल ती."

हातात घेतलेलं काम अर्धं टाकणाऱ्यातला लिंबाजी नव्हता. विहिरीवरचं डिझेल इंजिन तो स्वतःच खोलायचा. घरातून छिन्नी-हातोडी आणून त्यानं पहिल्या नटाची टोपी कडेनं फोडली आणि शेंगेचं टरफल काढावं तशी सोलून काढली. आतला नट बारीक निघाला. त्याला इंजिनाचा पाना बसला. नट कुरकुरला, अडला, मग फिरला.

"जमलं की ओ मामा!" सूर्यभान उठून उभा राहिला.

ओसरीवर कोकिळा वाकळीची घडी घालत होती. पोत्याचं अस्तर लावलेली, हिरव्या दोऱ्यानं टाके घातलेली ती वाकळ अर्धीच झाली होती.

"कोके, दाभण कुठं ठिवलंस?" आतून तिच्या आईनं, धुरपदाबाईनं विचारलं. "डाळीच्या पोत्याचं तोंड शिवायचंय."

"गवसंना मला."

"रातीच्याला तर वाकळ शिवायली व्हतीस."

"पडलं असंल कुठंतरी."

धुरपदाबाई पुटपुटली आणि पोत्याला सुतळी बांधून मोकळी झाली. वाकळ राहिली तर राहिली, पुढच्या खेपेला पुरी करील, असं ती म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा चार नट मातीत पडले होते आणि लिंबाजीचा हात रक्तानं माखला होता. पाचवा सगळ्यात चिवट. हातोडी चुकली आणि अंगठाच सापडला. कोकिळा तांब्या घेऊन आली. हातावर पाणी घालता घालता हळूच म्हणाली, "दादा, एवढा एक राहू द्या की."

लिंबाजीला भरून आलं. बापाचं रक्त लेकीला बघवत नाही, दुसरं काय!

"झालंच बाई," तो म्हणाला आणि छिन्नीवर घाव घातला. टोपी उडाली. कोकिळा क्षणभर तिथंच उभी राहिली, मग रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

निघताना ती रडली नाही. शहाणी झाली पोर, असं लिंबाजीला वाटलं. सूर्यभानानं बसलेलं चाक अंगणातच ठेवलं.

"पंक्चर काढून ठिवा मामा, सवडीनं आणा."

लिंबाजीनं आनंदानं मान हलवली. त्या निमित्तानं लेकीचं तोंड तरी दिसलं असतं. त्या संध्याकाळी तो कित्येक दिवसांनी पारावर जाऊन बसला, चारचौघांत मान वर करून बोलला आणि रात्री गाढ झोपला.

बंद उठल्यावर एस.टी.च्या टपावर चाक टाकून त्यानं सेलू गाठलं. पंक्चरवाल्यानं टायरवरचा वाळलेला चिखल खरडला, एका जागी बोट फिरवलं आणि पकड मागवली.

"काका, कुनाशी वैर हाय का तुमचं?"

"का बरं?"

"रस्त्यावरचा खिळा खालून घुसतो. हे बाजूनं घातलंय कुनीतरी, दगडानं ठोकून." त्यानं जोर लावून ते उपसलं आणि लिंबाजीच्या तळहातावर ठेवलं.

दाभण होतं. त्याच्या नेढ्यात हिरवा दोरा अजून तसाच होता.