आयाबहिणींचा चौक

पंचवटीतल्या आमच्या चौकात स्तनाच्या कॅन्सरची मोफत तपासणी करणारं सरकारी शिबिर ठरलं. फ्लेक्स छापायचं काम माझ्याकडे आलं. मॅटर वाचून मंडळाचे अध्यक्ष नवनाथभाऊंनी नाक मुरडलं. "हे 'स्तन' काय लिहिलंस? आयाबहिणी ये-जा करतात चौकातून."

मग 'महिला आनंद मेळावा' छापलं, शेजारी भाऊंचा हात जोडलेला फोटो. बायका नटून आल्या, वाण घेऊन गेल्या. वाण वाटायला भाऊंच्या पत्नी, राखीवहिनीच होत्या. तपासणीच्या पडद्यामागे नर्सबाई माश्या मारत बसल्या.

वहिनींची गाठ कळली तेव्हा कॅन्सर फुप्फुसात पोचला होता.

परवा भाऊ वहिनींचा फोटो घेऊन दुकानात आले. "लिही, अल्पशा आजाराने दुःखद निधन."

"आजाराचं नाव टाकू?"

"अरे, आयाबहिणी ये-जा करतात चौकातून."