पाय कुठे जातो?

"डॉक्टर, कापलेला पाय तुम्ही नंतर टाकता कुठे?"

विचारलं एकदाचं! गोडदेवहून मला हॉस्पिटलात बघायला आलेल्या माझ्या मैत्रिणी नीलम आणि हेतलने पैजच लावली होती, विचारून दाखव, मग वॉकमन तुझा. आई मात्र तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. उद्या हाडाच्या कॅन्सरसाठी माझा उजवा पाय मांडीपासून काढणारेत.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आधी गाठ तपासतो. औषधाने आतला कॅन्सर किती मेला, ते तिच्यातूनच कळतं. उरलेला पाय घरचे मागून नेतात. पण ठेवू दिला, तर पाय न कापता हा आजार कसा बरा करायचा, त्या संशोधनाला उपयोगी पडतो."

"आम्ही नेणार," बाबा खाली बघत म्हणाले. "भाईंदरच्या स्मशानात अग्नी देऊ. पोरीचा पाय आहे तो."

आई माझ्या उजव्या पावलावरून हात फिरवत राहिली. पैंजण तिने सकाळीच काढून घेतलं होतं.

 

"आई, बाबा, माझं ठरलंय. पाय स्मशानात न्यायचा नाही. तो डॉक्टरी शिकायला पुढे जातोय, मी दहावी करून मागून येते."