खाच जुळली पाहिजे

“हा प्रोसेसर या बोर्डावर बसणार नाही, बाई,” सेवेरो म्हणाला.

तिमोतेआबाईंनी दोन्ही वस्तू घेतल्या आणि एकीवर दुसरी ठेवली. “हा काय, बसला.”

“नुसता ठेवलात. याला खालून पिना आहेत. बोर्डाला भोकंच नाहीत.”

“काका, सकाळपासून एवढं गिऱ्हाईक आलं, कुणी उलटा करून पाहिला नाही हो.”

“मी पाहिला.”

त्याने भिंग डोळ्याला लावून परत पाहिलं. खरं तर त्यालाही नीट काही कळत नव्हतं. ला पासमध्ये जन्म गेला, पण या बाजारात दर वर्षी त्याची बायको बासिलिया यायची आणि तो घरी बसायचा. पावसाळ्याच्या शेवटी बासिलिया गेली. यंदा तोच आला होता.

नात लिस्बेथ आईबरोबर सांता क्रूसला राहायची. आजी होती तोवर ती प्रत्येक सुट्टीत यायची. आता फोनवर म्हणाली होती, “तिथे एकटी काय करू, आजोबा? गेम खेळायला कॉम्प्युटर असता तर अख्खी सुट्टी राहिले असते.” ती हसत म्हणाली होती. पण त्याच्या मनातून ते गेलं नव्हतं.

त्याने तिलाच फोन लावला.

“पिना कुणाला हव्यात, बोर्डाला की प्रोसेसरला?”

“कुठल्याही एकाला, आजोबा. दोघांना नकोत.”

“आणि दोघांना नसल्या तर?”

“तर तुम्ही मला हसवताय! पिनावाला आवडला असेल तर भोकंवाला बोर्ड मागा. आणि मेमरीची खाच बघा, ती मध्ये नसते, जराशी सरकलेली असते. बोर्डावरचा दात त्याच जागी हवा. आणि बाराच्या आत उरका, नाहीतर उपयोग नाही.”

“माहीत आहे. तुझी आजीच सांगायची.”

तिमोतेआबाईंनी भोकंवाला बोर्ड शोधून दिला. मागे त्यांचा नवरा मान खाली घालून डाग देत बसला होता. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

“ग्राफिक कार्ड हे घ्या,” बाई म्हणाल्या. “तीन पंख्यांचं. सगळ्यात भारी.”

“नको, एका पंख्याचं द्या. पहिलाच कॉम्प्युटर आहे. साधा, स्वस्तातला हवा.”

“अहो, दोन्हींची किंमत तीच आहे!”

“असू दे. बासिलिया म्हणायची, हावरटपणा केला की काहीच मिळत नाही.”

बाईंनी शेजारच्या दुकानदारणीकडे बघून डोळे फिरवले. शेजारीण फसकन हसली. “काका, त्यापेक्षा माझ्याकडची कोंबडी न्या. एकट्या पुरुषाने कोंबडी नेली की वर्षभरात घरात बाई येते.”

“घरात जागा नाही,” सेवेरो म्हणाला. घर पूर्ण रिकामं होतं.

मेमरीची खाच काही जुळेना. दात एकीकडे, खाच दुसरीकडे. बाईंनी मेमरीची पट्टी मागे दिली. नवऱ्याने कानस घेतली, दोनदा घासली आणि परत केली.

“बसली बघा.”

सेवेरो बघतच राहिला. “घासलीत?”

“बसली ना?”

“उद्या अशीच घासलेली माझ्या घरी आली तर? ती चालू कशी होणार? नको. दुसरी द्या. खाच मुळातच जागेवर असलेली.”

“कुणाला कळणार आहे, आजोबा?” नवरा पहिल्यांदाच बोलला.

“मला कळलं ना.”

“काय पण माणूस आहे,” नवरा पुटपुटला. “घर घेताना लोक एवढं बघत नाहीत.”

घर बासिलियाने इथेच पसंत केलं होतं, याच गल्लीत, बारा वाजत आलेले असताना, घाईघाईत. वरची खोली होती, खिडक्या होत्या, लाल छप्पर होतं. जिना बघायचा राहिला. पुढे त्या घरात दोघं शिडीने वर-खाली करायचे. शेवटच्या आजारात तो तिला पाठीवर घेऊन उतरायचा. “माझीच चूक,” ती कानाशी म्हणायची. “मी बघितलंच नाही रे.”

“म्हणूनच बघतोय,” तो म्हणाला.

नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग नवी पट्टी घेतली आणि खाच योग्य जागी काढून दिली. ती बोर्डावर अलगद बसली.

“आता वीज,” सेवेरो म्हणाला. “पॉवर सप्लाय?”

“तो कुणी मागतच नाही हो!” बाई वैतागल्या.

“मग लोकांचे कॉम्प्युटर चालतात कसे?”

नवऱ्याने तारेचं भेंडोळं पुढे ओढलं. “थांबा,” नवरा म्हणाला. “आत्ता करून देतो. तारांसकट.”

चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा सेवेरो घेतलेल्या वस्तूंना धूप दाखवून घ्यायच्या रांगेत उभा होता. धापा टाकत, पण वेळेवर. रांगेत रेटारेटी चालली होती. धूप घालणाऱ्या म्हाताऱ्याचा हात भराभर फिरत होता.

“काय आणलंत, बाबा?” म्हाताऱ्याने विचारलं. “दाखवा. वर्षभरात मोठं होऊन दारात येईल.”

सेवेरोने कोटाच्या खिशात हात घातला आणि अख्खा कॉम्प्युटर बाहेर काढला. साबणाच्या वडीएवढा पत्र्याचा डबा, आत बिस्किटाएवढा बोर्ड, त्यावर मसुरीएवढा प्रोसेसर, आणि सगळं जिथल्या तिथे बसलेलं. तो त्याने दोन्ही हातांनी धुरात धरला, जसं त्या वर्षी बासिलियाने लाल छपराचं, बिनजिन्याचं, अंड्याएवढं घर धरलं होतं.