परतीची अट

“परत मागितली तर परत द्यायची?” मल्हार हातातली चावी विसरून मदनशेठकडं बघत राहिला. “आवं शेठ, ही गाडी हाय का उसनं नेलेलं पातेलं?”

मदनशेठ हसले नाहीत. मल्हार कवठे महांकाळचा द्राक्षबागायतदार. शोरूमवाल्यांपेक्षा चांगला भाव देत होता. पण सांगलीच्या हळदीच्या पेठेत उभा जन्म घासाघीस करण्यात घालवलेल्या मदनशेठना आज भावाशी देणंघेणं नव्हतं. गाडी जवळपास कुठंतरी राहावी, तिचा रंग बदलू नये आणि मागितली की परत मिळावी, एवढंच त्यांना हवं होतं. शोरूमला दिली तर ती कुठल्या मुलखात जाईल कुणी सांगावं?

घरात बायकोचं, चंदनबालाचं, म्हणणं नेमकं उलटं. “ही शोरूमला एक्स्चेंजला द्या आणि मोठी गाडी घ्या. चौक्याची भांडी तरी नेता येतील.” चौका म्हणजे मुनिमहाराजांच्या आहारासाठी लावायचा सोवळ्यातला स्वयंपाक. मुनींच्या संघाचा मुक्काम असेल त्या गावी जाऊन ती चौका लावायची. कधी कुणाच्या टेम्पोतून जायची, कधी कुणाच्या जीपमधून. मदनशेठ तिच्याबरोबर एकदाही गेले नव्हते. त्या संघात त्यांचा मुलगा अरिहंत होता. चंदनबाला त्याला महाराज म्हणायची. मदनशेठच्या तोंडी अजून अरिहंतच होता.

पोराचं मन संसारातून उडायला लागलं, तेव्हा त्यांनीच ही गाडी आणली होती. लाल, बुटकी, दोनच सीटांची. सांगलीच्या प्रत्येक गतिरोधकावर पोट खरवडून घेणारी. वैराग्यावर हा उतारा चालेल, असं फक्त एका व्यापारी बापालाच वाटू शकतं. अरिहंतनं बापाचं मन राखलं. थोडे दिवस चालवली. मग एका सकाळी चावी देवघरात ठेवून तो पायीच मंदिरात गेला.

दीक्षेच्या मंडपात आचार्यांनी आईबापांची परवानगी विचारली, तेव्हा आई एकटीच उभी राहिली. मदनशेठ त्या वेळी गोडाऊनमध्ये, हळदीच्या पोत्यांमागं झाकून ठेवलेल्या या गाडीत बसून होते. चुकलंच ते. त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण घरात कबूल करायचं तोंड कुठं होतं?

“आधी एक चक्कर मारून बघ, मग अटीचं बोलू,” ते मल्हारला म्हणाले आणि शेजारी बसले.

गाडीवरची हळदीची पूड वाऱ्यानं उडत गेली. रस्ता मदनशेठच सांगत होते. मिरज मागं पडली. पुढं उसातून जाणारा जुना रस्ता लागला. मोकळा आहे म्हणून शेठ इकडं घेऊन आले, असं मल्हारला वाटलं. आज सकाळी संघाचा पायी विहार याच रस्त्यानं होता, हे मंदिराच्या फळ्यावर लिहिलेलं मल्हारनं कुठं वाचलं होतं? मदनशेठनी वाचलं होतं. त्यांना एकदाच बघायचं होतं, गाडी दिसल्यावर पोराचं पाऊल अडखळतं का.

वळणावर मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू घेतलेले मुनी समोरून येताना दिसले.

“गाडी कडेला घे. इंजिन बंद करू नको,” मदनशेठ म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी गुरगुरत राहिली. पुढचे मुनी शांतपणे निघून गेले. मागून अरिहंत आला. वाळलेलं अंग, पायांना भेगा, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. लहानपणी हाच पोरगा पाय भाजतात म्हणून खांद्यावर घ्या म्हणायचा.

अरिहंत गाडीपाशी आला आणि थांबला.

बघ पोरा, मदनशेठ मनात म्हणाले. एकदा वर बघ.

अरिहंत चाकाजवळ वाकला. मुंग्यांची एक रांग चाकापुढून रस्ता ओलांडत होती. “जरा थांबा,” तो मल्हारला म्हणाला. “मुंग्या जाऊ द्यात. मग गाडी काढा.”

आवाज तोच होता. मल्हारनं गडबडीनं इंजिन बंद केलं, चप्पल काढली आणि हात जोडून खाली उतरला.

अरिहंतनं आता वर पाहिलं. मल्हारकडं पाहिलं, तसंच मदनशेठकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळखीची खूण नव्हती. नुसती माया होती, आणि ती दोघांना सारखीच होती. मदनशेठना पोराला नावानं हाक मारायची होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“नमोस्तु, महाराज.”

“धर्मवृद्धिरस्तु,” पिच्छी उचलून अरिहंत म्हणाला आणि चालू लागला.

मुंग्या पार झाल्या. संघ उसाआड दिसेनासा झाला तरी मदनशेठ रस्त्यातच उभे होते. मल्हारला काय समजायचं ते समजलं असावं. तो हळूच जवळ आला.

“शेठ, तुमची अट मान्य हाय. कवाबी मागा, गाडी परत दीन.”

“नको मल्हार. तुला नाही देत,” मदनशेठ म्हणाले. “तू ही इथंच फिरवणार. दिसली की मी पुन्हा वाट बघत बसणार.”

त्यांनी खिशातून फोन काढला.

“चंदन, शोरूमवाल्यांना कळव, एक्स्चेंज करू. मोठी गाडी घेऊ,” ते म्हणाले, आणि मग थोडं थांबून, “चौक्याची भांडी ठेवल्यावर माझ्यापुरती जागा उरेल, एवढी मोठी.”